शब्दचर्चा: ‘गावकरी बांध राखत असे’ की ‘असत’?

कागदवाली
गोव्यात तिसवाडीतल्या खाडीकाठच्या एका पंचायतीच्या इतिहासाचं भाषांतर करतेय. मी लिहिलं, ‘गावकरी बांध राखत असे.’ मुद्रितशोधकांनी ‘असत’ केलं. समासात टीप: कर्ता अनेकवचनी! अहो, इथे गावकरी म्हणजे गावातली माणसं नव्हेत, संस्था. स्त्रीलिंगी, एकवचनी. ‘असत’ म्हटलं की अख्खा गाव मिळून कारभार करत होता असं वाटतं, आणि ज्यांना सभेत बसायचा हक्क कधी नव्हताच तेही कारभारी होऊन बसतात. वाचक अडखळणार नाही असा शब्द सुचवा. ‘ग्रामसंस्था’ मला पुस्तकी वाटतो.

तळकोकणी
गावऱ्हाटी लिहा की. आमच्याकडे वेंगुर्ला-सावंतवाडीत गावकर म्हणजे देवळातला मानकरी. बाकीचे मानकरी, त्यांचे मान, कौल, गाऱ्हाणं, सगळा कारभार त्या एका शब्दात येतो.

सासष्टीकार
नाही जमायचं. गावऱ्हाटी देवळाभोवती फिरते, गावकरीच्या हातात जमीन होती. शेतांची पावणी व्हायची (पाहुणी नव्हे हो, लिलाव). त्या पैशातून सरकारचा सारा, बांधाची डागडुजी, देवळाचा आणि पुढे चर्चचा खर्च निघायचा. उरेल ते गावकारांत वाटायचे. त्या वाट्याला जोण म्हणतात. गावकार म्हणजे मूळ वांगडांचे (कुळ्यांचे) वंशज, तेही पुरुषांकडूनच. मुलीला हक्क नाही. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) हे रिवाज पोर्तुगीजांनी लिहून काढले, पण ते निर्माण त्यांनी केले नाहीत. बाकी आम्ही आज गावकरी कमी आणि कोमुनिदाद जास्त म्हणतो. तेच लिहा.

शुद्धलेखनी
घरचा शब्द असताना पोर्तुगीज कशाला? मला तर ‘ग्रामसंघ’ चालेल.

सासष्टीकार
कुणी केलेला संघ नाही तो, जन्माने मिळणारा हक्क आहे. आणि १९६१ च्या संहितेचं नावच कोमुनिदाद संहिता. म्हापसा, पणजी, मडगावच्या प्रशासकांच्या दारावरच्या पाट्या बदलायला तुम्ही जाणार का? तुमचा ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे.

शुद्धलेखनी
पगार रुळलाय. कोमुनिदाद घाटावर कुणाला कळतो, सांगा.

कागदवाली
घाटावरचा वाचक ‘कोमुनिदाद’ म्हणजे ग्रामपंचायतच समजतो, ही खरी अडचण. पुढच्याच परिच्छेदात दोघांचं भांडण आहे.

सासष्टीकार
असणारच. पंचायती आल्या १९६२ नंतर. घरपट्टी, बांधकाम परवाना, गावचे रस्ते त्यांच्याकडे गेले; जमीन राहिली कोमुनिदादीकडे. पंचायतीत निवडून आलेला माणूस गावकार असेलच असं नाही, आणि गावकार मुंबईत किंवा लिस्बनला राहत असला तरी त्याची जोण चालू. मैदान कोणाचं, यावर ग्रामसभा तापते ती उगाच नाही.

मुंबईस्थ
थोडं अवांतर. मुंबईतला फोरास रोड ठाऊक असेल (भलत्या कारणासाठी असला तरी). तो ‘फोरो’वरून, म्हणजे जमिनीचा खंड. भरतीच्या पाण्यातून सोडवलेल्या जमिनी लागवडीला दिल्या, त्या फोरास. १८५१ साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला. तेव्हा पोर्तुगीज शब्द फक्त गोव्यात असतात असं समजू नका.

उघाडीवाला
कागदवालीताई, बांध कसला ते कळू दे आधी. पूर्ण वाक्य टाका.

कागदवाली
‘खाजणातील भातशेती वाचवण्यासाठी गावकरी बांध राखत असे.’

उघाडीवाला
मग ‘असे-असत’ राहू दे, आधी हे बदला! खाजणात भात कुठून आला? खाजण म्हणजे तिवरं, गुडघाभर चिखल आणि निवट्या. बांध घालून पाणी अडवलं, जमीन गोडी झाली, भात लागला, की ती खार. आमच्या पेण-अलिबागकडे पोरंटोरं सांगतील. बाहेरकाठा, आतला काठा (म्हणजे बांध), पाणी सोडायची उघाडी, हे सगळं खारीचं.

सासष्टीकार
आमच्याकडे तेच शेत खाजण. कोरगुट भात पिकतो त्यात. तुमच्या उघाडीला आम्ही मानस म्हणतो. लाकडी झडपा असतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्याने मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलून बाहेर पडतं. रात्री मानशीवर जाळं लावून मासळी धरायची, तिची पावणी निराळी. शेताएवढीच राजकारणाची जागा ती.

उघाडीवाला
आमच्याकडे संस्था वगैरे नव्हती. बाहेरकाठा राखायचा शिलोत्रीदाराने, त्याबद्दल बिघ्यामागे त्याला धान्य द्यायचं. १९४८ च्या खारभूमी कायद्यानंतर सरकार मध्ये आलं. आता काठा फुटला की अर्ज.

सासष्टीकार
इथे कूळकायद्यानंतर कुळांच्या संघाकडे बांध आला. शेत कसणारे कमी झाले. बांधाला भगदाड पडलं तरी काही ठिकाणी कुणी हलत नाही, कारण आत शिरलेल्या पाण्यात मासळी बरी मिळते.

जुनी वही
खाजण हा शब्द मला अरबी ‘खजाना’वरून वाटतो. आदिलशाहीत सारा तिथूनच येत असणार.

शुद्धलेखनी
काहीतरीच! सरळ ‘क्षार’वरून आहे.

उघाडीवाला
क्षारचा खार झाला, ‘जण’ कुठून आला ते सांगा. आमची आजी म्हणायची, त्या चिखलात उतरलं की अंगाला खाज सुटते म्हणून खाजण. तिची व्युत्पत्ती निदान पायाने तपासलेली होती.

तळकोकणी
आमच्याकडे सरकारी खात्यामुळे जो तो ‘खारलँड’ म्हणतो. ‘खारलँडचा बांध फुटला.’

शुद्धलेखनी
खारभूमी म्हणा हो!

उघाडीवाला
खारभूमी म्हणजे हापिस. भात खारीत लागतो.

जुनी वही
पण खजाना का नाही, ते कुणीच सांगितलं नाही.