३० सप्टेंबरची श्रद्धांजली सभा आणि भूकंपात अपंगत्व आलेली माणसे

तेरणाकाठ (प्रश्न)

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील जी ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांपैकी एका गावात मी राहतो. दरवर्षी त्या दिवशी सकाळी आमच्याकडे श्रद्धांजली सभा होते. स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र, दोन मिनिटे स्तब्धता, मृतांच्या नावांचे वाचन आणि मग भाषणे, असा तिचा ठरलेला क्रम आहे. यंदा संयोजन समितीत मलाही घेतले आहे आणि दोन गोष्टींबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माळवदाच्या दगडमातीखाली सापडून ज्यांचा मणका मोडला किंवा ज्यांचे पाय कापावे लागले, अशी माणसे गावात अजून आहेत. आमच्या आळीतील एका ताईंना वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कमरेखाली कायमचे लुळेपण आले. स्तंभाचा चौथरा दीड फूट उंच असून त्याला तीन पायऱ्या आहेत. दरवर्षी चार तरुण ताईंना खुर्चीसकट उचलून वर ठेवतात, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्र निघते आणि शेवटचे भाषण संपेपर्यंत त्या तिथेच बसून असतात, कारण तोवर त्यांना खाली उतरवायला कोणी मोकळे नसते. यंदा त्यांनी निरोप धाडला आहे : "उचलून नेणार असाल तर मी येणार नाही. माझी आई आणि भाऊ त्या यादीत आहेत, मला त्यांच्यासाठी यायचे आहे, सत्कारासाठी नाही." समितीतील काहींना हा गावाचा अपमान वाटला. मला मात्र ताईंचे म्हणणे रास्त वाटते.

दुसरी गोष्ट यादीची. वाचनासाठी जी जुनी हस्तलिखित यादी वापरतो, तिच्यात एका घरापुढे नुसते 'मुका मुलगा' आणि दुसऱ्या घरापुढे 'वेडी बहीण' असे लिहिलेले आहे. इतर सर्वांची नावे आहेत, या दोघांची नाहीत. इतक्या वर्षांनंतर हे कसे सुधारावे?

चाकावरची_वाट

मी स्वतः अपघातानंतर बरीच वर्षे चाकाच्या खुर्चीवर आहे, त्यामुळे ताईंच्या निरोपातील प्रत्येक शब्द मला कळतो. उचलणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, याबद्दल मला शंका नाही. पण उचलले जाणारे शरीर आपले असते, आणि चारचौघांदेखत लुगड्याचा घोळ सावरत वर जाणे कोणत्याही बाईला नकोसेच वाटेल. त्याहून गंभीर बाब प्रकृतीची आहे. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली दुखणे जाणवत नाही, म्हणून कठीण प्लास्टिकच्या खुर्चीवर तासन्‌तास एका जागी बसवले, तर बैठकीच्या हाडांवरची कातडी आतून सडू लागते आणि ती जखम भरायला कित्येक महिने लागतात. ताईंना त्यांच्या स्वतःच्या चाकाच्या खुर्चीत, त्यांच्या गादीवर बसू द्या आणि हव्या त्या क्षणी कोणालाही न विचारता निघून जाता येईल अशी जागा ठेवा. जवळपास चाकाची खुर्ची आत जाईल असे शौचालय आहे का, हेही पाहा, कारण ते नसेल तर त्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करून येत असणार. हे आमच्यापैकी जवळजवळ सगळेच करतात आणि कोणाला सांगत नाहीत.

आता थोडे सभेपलीकडचे, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. तुमच्याकडची नवी गावे जुन्या गावठाणांच्या मानाने कितीतरी पसरलेली आहेत. चालत्या माणसाला रुंद रस्ते मोकळे वाटतात, पण खुर्ची हाताने ढकलणाऱ्याला किराणा दुकान, दवाखाना आणि बँक गाठताना जीव मेटाकुटीला येतो. ताई वर्षाचे उरलेले ३६४ दिवस कशा जगतात, अंघोळीला कोणाची मदत लागते, ती मदत करणारी भावजय आजारी पडली तर काय होते, घराच्या उंबऱ्याबाहेर त्या एकट्या येऊ शकतात का, हे समितीने त्यांना कधी विचारले आहे का?

अमेरिकेत १९७२ मध्ये बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवन केंद्र उभे केले. रॉबर्ट्स यांना पोलिओमुळे हातपाय जवळजवळ अजिबात हलवता येत नव्हते आणि श्वासासाठी यंत्राचा आधार लागत असे. सगळे काम स्वतःच्या हाताने करता येणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, तर कोणी, केव्हा आणि कशी मदत करायची हे आपण ठरवणे म्हणजे स्वातंत्र्य, असा त्या चळवळीचा आग्रह होता. ताईंनी निरोप धाडून नेमके हेच केले आहे.

ओळंबा

बांधकामापुरते सांगतो. चाकाची खुर्ची चौथऱ्यावर नेणाऱ्या उताराचे मान एकास बारा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) धरावे, म्हणजे दीड फुटाच्या चौथऱ्याला अठरा फूट लांबीचा उतार लागेल. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन तो वळवता येतो. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला कठडा आणि वर पोहोचल्यावर खुर्ची फिरवता येईल एवढी, निदान पाच फुटांची, मोकळी जागा ठेवा. शोभेसाठी गुळगुळीत फरशी अजिबात लावू नका. सप्टेंबरअखेर पाऊस असतो, म्हणून खरबरीत कोबा बरा. लाकडी फळ्या टाकून केलेला घाईचा उतार धोक्याचा असतो. तो केल्याने समितीचे समाधान होते, पण फळी सरकली की माणूस पडतो. यंदा वेळ नसेल, तर पुष्पचक्र आणि नावांचे वाचन या दोन्ही गोष्टी चौथऱ्यावर न करता खाली समतल जागेत करा. मान्यवर खाली उभे राहिल्याने स्तंभाचा मान कमी होत नाही.

शांत_सूर

माझा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. स्तब्धता कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे त्याला आजूबाजूच्या लोकांचे चेहरे पाहून ताडावे लागते आणि तेवढी दोन मिनिटे तो ज्यांची आठवण काढायची त्यांच्याऐवजी शेजाऱ्यांकडे पाहण्यात घालवतो. समोर सर्वांना दिसेल असा झेंडा खाली घेऊन स्तब्धता सुरू करावी आणि वर नेऊन ती संपवावी, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती मिळाली तर तिला वक्त्याच्या शेजारी, उजेड तोंडावर येईल असे उभे करा. तुमच्याकडे बंदुकीच्या फैरींची मानवंदना होत असेल, तर वेळ आधी जाहीर करा. भूकंपाचा धसका घेतलेली माणसे आणि काही मुले त्या आवाजाने कोलमडतात.

गावठाणातला_वकील

सत्काराऐवजी हक्क, हा मुद्दा कायद्यातही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी शिक्कामोर्तब केले आणि त्याच्या एकोणिसाव्या कलमात समाजात राहून स्वतंत्र जीवन जगण्याचा हक्क मान्य केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीवर ठरावीक प्रकारच्या निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती होऊ नये आणि तिला वैयक्तिक साहाय्यासह आधारसेवा मिळाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करायचा आहे. तुमच्या गावासाठी कलम ८ अधिक जवळचे आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, आपत्तीनंतरची पुनर्बांधणीही दिव्यांगांना वावरता येईल अशीच करावी, असे ते कलम सांगते. ३० सप्टेंबरच्या आठवड्यात गावातील ही नोंद तपासून अद्ययावत करण्याचा प्रघात पाडलात, तर मृतांचे स्मरण आणि जिवंतांची सुरक्षितता एकाच कामात साधेल. पैशांचे म्हणाल तर, महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो कशावर खर्च होतो, हे ग्रामसभेत विचारा.

हे किती निकडीचे आहे, ते तमिळनाडूतील एरवाडीच्या घटनेने दाखवले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथल्या एका आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा मानसिक आजार असलेली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती आणि अठ्ठावीस जणांचा मृत्यू झाला. आधार नसलेल्या कुटुंबांनी त्यांना तिथे आणून सोडले होते. घरी राहण्यासाठी मदत न मिळालेल्या माणसाची आपत्तीत काय गत होते, हे मी याहून वेगळ्या शब्दांत सांगू शकत नाही.

शिळा_लेख

नावांबद्दल लिहितो, कारण इतरांनी त्याला हात लावलेला नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सरकारी संस्थांमध्ये मरण पावलेल्या हजारो अपंग आणि मनोरुग्ण व्यक्तींना निव्वळ क्रमांक घातलेल्या थडग्यांत पुरले होते. १९९४ पासून अपंग कार्यकर्त्यांनीच पुढाकार घेऊन जुने दप्तर धुंडाळले आणि क्रमांकांच्या जागी नावे कोरलेले दगड बसवायला सुरुवात केली. बर्लिनमध्ये, जिथून नाझींनी अपंगांच्या हत्येची यंत्रणा चालवली त्या टियरगार्टन रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या जागी, २०१४ मध्ये २४ मीटर लांबीची निळ्या काचेची भिंत उभारली. तेथील माहिती ब्रेलमध्ये, खुणांच्या भाषेत आणि सोप्या भाषेतही मिळते, म्हणजे ज्यांच्याविषयी ते स्मारक आहे त्यांच्यासारख्यांना ते समजून घेता येते. आपल्या २०१६ च्या अधिनियमातही, कलम २९ मध्ये, दिव्यांगांच्या इतिहासाचे संग्रहालय उभारण्याची तरतूद आहे.

तुमच्या यादीतील दोघांची नावे शोधणे अजून शक्य आहे. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही, जुनी मतदार यादी, शिधापत्रिका आणि भूकंपानंतर मदत वाटताना तयार झालेली कागदपत्रे पाहा. मुलगा शाळेत गेला नसेल, मतदार नसेल, तर कागदांत सापडणार नाही. अशा वेळी लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या बहिणी, मावश्या आणि शेजारी यांना भेटा, कारण घरातली हाक त्यांनाच माहीत असते. कुटुंबाची संमती घेऊन मगच नाव वाचनात आणा. सापडलेच नाही, तर यादीतील शब्द जसेच्या तसे वाचू नका. "या घरातील एक मुलगा" एवढे वाचा आणि शोध सुरू ठेवा.

तेरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल ताईंच्या घरी जाऊन हे सारे त्यांना वाचून दाखवले. 'वेडी बहीण' असे लिहिलेल्या त्या मुलीचे नाव ताईंना ठाऊक आहे, कारण दोघी एकाच ओढ्यावर पाणी भरायला जात असत. तिचा भाऊ सोलापूरला असतो. त्याला दूरध्वनी करून संमती घेणार आहे. मुलाचा माग अजून लागलेला नाही.

ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. नावांचे वाचन करायचेच असेल तर त्या स्वतः करतील, आणि समितीच्या बैठका चावडीच्या माडीवर न घेता शाळेच्या पडवीत घ्याव्यात, म्हणजे त्यांना बैठकीलाही येता येईल. दोन्ही प्रस्ताव रविवारी मांडतो. उताराबद्दल एक शंका उरली आहे. चौथऱ्याच्या पूर्वेला जेमतेम अकरा फूट जागा मोकळी आहे आणि पुढे पाण्याची टाकी येते. ओळंबा यांनी म्हटल्याप्रमाणे उतार वळवायचा झाल्यास सपाट टप्पा किती फुटांचा ठेवावा?

ओळंबा

पाच फूट लांब आणि पाच फूट रुंद ठेवा. अकरा फुटांत टप्प्याचे पाच गेल्यावर उतारासाठी सहाच फूट उरतात, म्हणजे एका ओळीत सहा इंचच चढता येतील. पूर्वेऐवजी उत्तर किंवा दक्षिण बाजूला लागून लांबवर जागा आहे का, ते आधी मोजून कळवा. टाकी हलवण्याचा खर्च त्यानंतर पाहू.