‘घिरटीमाशी’, ‘फूलमाशी’ की आणखी काही?

(यावल, शिरपूर आणि जळगाव इथल्या तिघांच्या गप्पा)

यावल: धन्याला फुलं आलीत. त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी हवेत एकाच जागी थांबते, मग झर्रकन बाजूला सरकते. तीन फोटो काढलेत. शेजारचे आबा फोटो पाहून म्हणाले, ‘हिले तं नुसते डोयेच डोये!’ कृषी पुस्तिकेत ‘सिरफिड माशी’ आहे. मराठीत ‘घिरटीमाशी’ चालेल?

शिरपूर: घिरट्या घार घालते, गोल फिरून. ही टांगल्यासारखी जागच्या जागी. आणि मधमाशीही समजू नका. मधमाशीला पंख चार, हिला दोन. मिशा आखूड, नांगी नाही. सगळं सोंग. मी ‘फूलमाशी’ म्हणेन.

जळगाव: ‘फूलमाशी’ला माझा सक्त विरोध. कपाशीवरचे फुलकिडे, काकडीवरची फळमाशी, दोन्ही आपल्या फवारणीच्या यादीत. त्या पंगतीत हे नाव बसलं की पहिला पंप हिच्यावरच. हिची अळी तर मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारे बारीक किडे, खाते! दादरवर (रब्बी ज्वारीवर) चिकटा, म्हणजे माव्यानं सोडलेला चिकट रस, दिसला की पान उलटून बघा, माव्याच्या गर्दीत बिनपायाची, जळवेसारखी अळी सापडेल. मला ‘अधांतरी माशी’ पटतं. जरा लांबडं आहे, पण खोटं नाही.

यावल: पटलं. फोटोवरून प्रजाती कळेल?

जळगाव: प्रजाती कळेल, जाती कळेलच असं नाही. हसू नका. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘जीनस’ म्हणजे प्रजाती आणि ‘स्पीशीज’ म्हणजे जाती. वर्तमानपत्रं सर्रास उलटं लिहितात. तुमच्या पहिल्या फोटोत पोटावर एका जाड काळ्या पट्ट्यासोबत एक बारीक पट्टा दिसतो, म्हणजे प्रजाती एपिसिरफस. दुसऱ्यात छातीच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी रेघ आहे, ती माशी वेगळी, इस्चिओडॉन असावी. तिसरा फोटो हलला आहे.

शिरपूर: म्हणजे एकाच वाफ्यात दोन!

जळगाव: हो. आणि स्फेरोफोरिया ही प्रजाती निघाली असती तर नराचं शेपटाकडचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय जाती सांगता आली नसती. आबांचे ‘डोये’ मात्र कामाचे आहेत: डोक्यावर डोळे एकमेकांना भिडलेले असतील तर नर, मधे फट असेल तर मादी. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत वरून एक, बाजूनं एक आणि तोंडासमोरून एक असे फोटो काढा.

यावल: तोंडासमोरून? ती थांबली तर!