तापाच्या पेशंटवर थिसिस : स्क्रब टायफस घेऊ का?

तापीकाठ
मेडिसिनला पहिल्या वर्षाला आहे, खान्देशातच. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायची वेळ आली तरी विषय ठरेना. पावसाळ्यात वॉर्ड तापाने भरतो. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, पुढे काही नाही. भाद्रपदात शिरपूरकडच्या एका मावशींच्या काखेत बिब्बा उतल्यासारखी काळी खपली सापडली. दुखत नव्हती म्हणून त्या बोलल्याच नव्हत्या. डॉक्सीसायक्लीनवर दोन दिवसांत ताप उतरला. ती खपली स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची खूण. तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे. जमेल का?

जुना रेसिडेंट
घेच. फक्त पेशंट परत येईल का, हे आधी बघ. माझा विषय टीबीचा, सहा महिन्यांचा फॉलोअप. दिवाळीनंतर कितीतरी जण ऊसतोडीला गेले, फोन बंद. त्यांचं पुढे काय झालं, ही रुखरुख अजून आहे. तुला रक्ताचा दुसरा नमुना दोन आठवड्यांनी लागेल, तो दसऱ्याच्या आत बसव. आणि वेल्लोरच्या सीएमसीच्या (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या) पुढाकाराने झालेला, 2023 साली आलेला अभ्यास वाच. गंभीर स्क्रबमध्ये डॉक्सीसायक्लीन आणि अझिथ्रोमायसीन दोन्ही शिरेतून दिल्यावर एकेकट्या औषधापेक्षा गुण चांगला आला.

मायक्रोवाली ताई
नुसत्या वाइल-फेलिक्सवर (जुन्या रक्ततपासणीवर) थिसिस उभा करू नकोस, बरेच पेशंट निसटतात. आयजीएम एलायझा (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) धर. प्लेट 96 खळग्यांची असते, ती भरण्याइतके नमुने जमेपर्यंत सीरम गोठवून साठवावं लागतं आणि रिपोर्ट उशिरा येतो. म्हणून संशय आला की औषध लगेच सुरू, रिपोर्टची वाट बघायची नाही, हे सिनॉप्सिसमध्येच लिही. प्रत्येक नळीवर तापाचा कितवा दिवस ते टाक. पहिल्या चार-पाच दिवसांत आयजीएम निगेटिव्ह येऊ शकतं. तेव्हा खपलीचा पीसीआर (जंतूच्या जनुकांची तपासणी) कामाला येतो.

वॉर्डातली सिस्टर
डॉक्टर, खपली शोधायची तर पडदा लावा आणि बायांसाठी सिस्टरला सोबत घ्या. काख, जांघ, छातीखाली, परकराची नाडी बसते तिथे बघा. कन्सेंट फॉर्म मराठीत असला तरी आमच्या बायांना कळत नाही. 'तुमनं रगत तपासनं शे, चालई का?' असं विचारलं की त्या मोकळ्या होतात. धडगावकडच्यांसाठी पावरी (तिकडची आदिवासी बोली) बोलणारं माणूस लागेल.

तापीकाठ
ताई, दादा, सिस्टर, मनापासून आभार. काल आईला अहिराणी मसुदा वाचून दाखवला. 'नमुना' शब्दावर ती अडली, म्हणाली, 'कसाना नमुना?' आता तिथे 'थोडंसं रगत' लिहिलंय. एथिक्स कमिटीकडे तोच जाईल.