नील यंग: प्रत्यक्ष ऐकावा की चांगल्या ध्वनिमुद्रणात?

ओंटारियोकर (धागालेखक)

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. नील यंग या कॅनडियन गायक-गीतकारावर जीव असेल तर मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमाचं महागडं तिकीट काढण्यापेक्षा १९ जानेवारी १९७१ रोजी टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या त्याच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळवा, बऱ्यापैकी हेडफोन लावा आणि सलग ऐका. मी त्याला प्रत्यक्षही ऐकलंय आणि तरीही हेच सांगतोय.

तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पाठीच्या दुखण्यामुळे जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभं राहणं अवघड, म्हणून बसून आणि एकटाच. सोबत साधी गिटार आणि पियानो. टोरंटो त्याचं जन्मगाव. मॅसी हॉल १८९४ सालचा, साधारण पावणेतीन हजार माणसं मावणारा. त्या रात्रीची बरीच गाणी तोवर कुठल्याही तबकडीवर आली नव्हती. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'हार्ट ऑफ गोल्ड' तो इथे पियानोवर, दुसऱ्या एका गाण्याच्या पोटात घालून गातो. लोकांना ते माहीतच नाही, त्यामुळे ओळखीच्या गाण्याला होतो तो गलका नाही. माणसं नुसती ऐकतायत, आणि त्यांचं ते ऐकणंही मुद्रणात उतरलंय. आपण ज्यांनी जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं ऐकलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. एका गाण्यात 'आता परत कॅनडाला चाललोय' अशा अर्थाची ओळ येते, तिथे मात्र सभागृह उसळतं.

'ओहायो' तर मी कितीदा ऐकलं असेल! अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात मे १९७० मध्ये नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, त्यावरचं हे गाणं. क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या साथीदारांसोबतच्या मूळ मुद्रणात इलेक्ट्रिक गिटारींचा कल्लोळ आहे. इथे एकच गिटार, पहिली आणि सहावी तार एकेक स्वर उतरवून लावलेली. खालची जाड तार प्रत्येक आघातानंतर कशी घुमत राहते ते स्पष्ट ऐकू येतं.

निर्माता डेव्हिड ब्रिग्ज अडून बसला होता की पुढची तबकडी हीच काढायची. नीलला 'हार्वेस्ट' या दुसऱ्या तबकडीची ओढ होती. 'हार्वेस्ट' आली, गाजली, आणि हे मुद्रण थेट २००७ मध्ये बाहेर पडलं. त्या वेळी नीलनेच लिहिलं की आज ऐकताना ब्रिग्जचा आग्रह समजतो.

मैदानावर काय मिळतं? चेहरा पडद्यावर, आवाज दूरच्या मनोऱ्यांवरच्या स्पीकरांतून, वारा फिरला की वरचे सूर गायब, आणि शेजारच्यांच्या गप्पा. शब्द लिहिणाऱ्या माणसाचे शब्दच ऐकू येत नसतील तर आपण तिथे कशासाठी उभे आहोत?

सातारा_ते_लंडन

साफ असहमत. तुम्ही अर्धा नील यंग सांगितलात आणि त्यालाच पूर्ण म्हणताय.

११ जुलै २०२५ ला लंडनच्या हाइड पार्कात मी त्याला ऐकलं. वय ७९. सोबत 'क्रोम हार्ट्स' हा नवा संच, गिटारवर मायका नेल्सन, ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम. नीलचा आवाज तरुणपणीही बारीक आणि कापरा होता, त्यामुळे वयाने त्याचं फारसं काही हिरावलेलं नाही. आणि 'ओल्ड ब्लॅक' ही त्याची १९५३ सालची गिटार जेव्हा स्पीकरकडे वळून हुंकारायला लागते, तेव्हा तो स्वर कानांआधी छातीत घुसतो. कुठल्या हेडफोनमधून हे मिळणार? 'क्रेझी हॉर्स' या जुन्या संचासोबतचे त्याचे लांबलचक गिटारवादनाचे तुकडे दोन रात्री सारखे नसतात. ते त्या क्षणी घडतात आणि तिथे असणाऱ्यांनाच मिळतात.

मॅसी हॉलचं मुद्रण सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो पंचवीस वर्षांचा मुलगा आहे. 'ओल्ड मॅन' हे गाणं त्याने त्या वयात, आपल्या रँचची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला उद्देशून लिहिलं. आज तो स्वतः त्या माणसापेक्षा मोठा आहे. १९७१ च्या टेपमध्ये हा अर्थ असूच शकत नाही. तो त्याच्या वयातून येतो, आणि त्यासाठी आजच्या नीलसमोरच जावं लागतं.

माधवी_ठाणे

दोघांचंही पटतंय, पण आमच्यासारख्यांना ना टोरंटो ना लंडन. आमचा नील यंग ध्वनिमुद्रणातलाच. मग निदान ते चांगलं कुठे मिळेल ते सांगा. फोनवर ऐकते तेव्हा झांजा वाळू सांडल्यासारख्या वाजतात.

ध्वनिवेडा

माधवीताई, खुद्द नीलनेच यावर आयुष्याची कितीतरी वर्षं घातलीत. एमपी३ मध्ये संगीताचा प्राण जातो म्हणून त्याने 'पोनो' हा प्लेअर काढला. २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यासाठी बासष्ट लाख डॉलरच्या आसपास जमले. किंमत ३९९ डॉलर. २०१७ पर्यंत तो व्यवहार गुंडाळला गेला, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने 'नील यंग आर्काइव्ह्ज' ही साइट सुरू केली. तिथे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या, म्हणजे सीडीपेक्षा कितीतरी बारकाईने ध्वनी टिपणाऱ्या दर्जात ऐकता येतं. कलाकार स्वतः सांगतोय की मूळ टेपच्या सर्वांत जवळचं हेच, तर मी त्याचंच ऐकेन. मला तरी त्यात गिटारभोवतीची हवा ऐकू येते.

अभियंता_पुणे

ध्वनिवेडा, तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण आकड्यांबद्दल आहे. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनी टिपणं, २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर पूर्ण धरतो. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, चाळिशीनंतर त्याहून बराच कमी. २००७ मध्ये मायर आणि मोरान यांनी प्रयोग केला. उच्च दर्जाचं मुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं. कुठलं कोणतं ते ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं जवळपास निम्मी, म्हणजे नाणं उडवल्यासारखी.

फरक पडतो तो मास्टरिंगने, म्हणजे मुद्रण बाहेर काढण्यापूर्वी आवाजावर केल्या जाणाऱ्या शेवटच्या संस्काराने. नव्या आवृत्त्यांत बरेचदा सगळं एकाच उंचीवर ढकलून मोठं केलेलं असतं. मग हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर मरतं आणि कान दमतो.

माधवीताई, फोन ब्लूटूथ इअरफोनला जोडलेला असेल आणि अॅपची सेटिंग 'डेटा बचत'वर असेल तर आधी ते दोन्ही सोडा. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेलं मुद्रण आहे, स्पॉटिफायवर २०२५ पासून. वायरचा साधा पण चांगला हेडफोन घ्या. १९२ च्या मागे लागू नका.

ध्वनिवेडा

निम्मी उत्तरं बरोबर आली, यावरून त्या दिवशी त्या लोकांना फरक कळला नाही एवढंच सिद्ध होतं. तासन्‌तास ऐकण्याचा अनुभव तुकडे ऐकवून मोजता येत नाही, यावर मी ठाम आहे.

अभियंता_पुणे

त्या प्रयोगात ऐकणाऱ्यांत मुरलेले ध्वनिमुद्रकही होते. आणि ज्या २०१४ मध्ये नीलने पोनोसाठी पैसे उभे केले, त्याच वर्षी त्याने 'अ लेटर होम' काढली. नॅशव्हिलमध्ये जॅक व्हाइट या संगीतकाराकडच्या १९४७ सालच्या व्हॉइस-ओ-ग्राफमध्ये, म्हणजे एका माणसापुरत्या खोक्यात शिरून, थेट तबकडीवर कोरलेली. खरखर, चरचर, आवाज डळमळणारा. गाणी इतरांची, पण काय भिडतात! चांगला आवाज म्हणजे काय, याचं त्याचं स्वतःचं उत्तरही एकच नाही.

ओंटारियोकर

सातारकर, 'ओल्ड मॅन'चा मुद्दा मोठा आहे आणि तो मला खोडता येत नाही. पण छातीत घुसणाऱ्या आवाजाबद्दल ऐका. १९९१ च्या 'क्रेझी हॉर्स'सोबतच्या दौऱ्यातून 'वेल्ड' ही तबकडी निघाली. तिचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याचं काम करताना कानांना इजा झाली असं नील स्वतः सांगत आलाय, आणि पुढच्याच वर्षीची 'हार्वेस्ट मून' इतकी शांत असण्याचं कारणही तेच. वाजवणाऱ्याच्या कानांची ही गत, तर समोर उभ्या असलेल्यांचं काय? कानात बोळे घालून जाणार असाल तर जरूर जा.

आणखी एक. प्रत्यक्ष आणि ध्वनिमुद्रित या दोन वेगळ्या पेट्या त्याने कधी ठेवल्याच नाहीत. 'हार्वेस्ट'मधलं एक गाणं जानेवारी १९७१ मध्ये लॉस एंजलिसच्या रॉइस हॉलमध्ये प्रेक्षकांसमोर मुद्रित झालंय. १९७९ ची 'रस्ट नेव्हर स्लीप्स' बरीचशी कार्यक्रमांतलीच, पण प्रेक्षकांचा आवाज काढून, वर स्टुडिओतले थर चढवून. म्हणून मी सभागृहातल्या मुद्रणावर एवढा भर देतोय. तुम्हाला हवा तो क्षणही तिथे आहे आणि शब्दही.

सातारा_ते_लंडन

बोळे मी घालूनच जातो, म्हणजे तो प्रश्न मिटला. पण प्रेक्षकांचा आवाज काढून टाकलेला कार्यक्रम हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. तुम्ही जे ऐकता ते कुणीतरी निवडून, पुसून, मिसळून दिलेलं असतं. ब्रिग्ज हरला म्हणून मॅसी हॉल छत्तीस वर्षं कुणालाच मिळालं नाही. त्या रात्री तिथे बसलेल्यांना मात्र ते त्याच रात्री मिळालं होतं. पुढचा दौरा जाहीर झाला की मी तिकीट काढणार.

माधवी_ठाणे

वायरचा हेडफोन भावाकडून आणला. झांजा सुधारल्या. मॅसी हॉल अर्धा ऐकून झाला, पियानोवरच्या त्या जोडगाण्यापर्यंत. तिथे थांबून परत मागे गेले. यानंतर काय ऐकू?

ओंटारियोकर

पूर्ण होऊ द्या आधी. मग 'हार्वेस्ट', म्हणजे त्यातलीच काही गाणी संचासोबत, आणि दोन ठिकाणी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत, कशी बदलली ते कळेल. पियानोवरच्या त्या जोडगाण्यातलं पहिलं गाणं तिथे ऑर्केस्ट्रासह आहे. मला ते जड वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते इथे लिहा.

सातारा_ते_लंडन

त्याच्या आधी 'वेल्ड' ऐका, माधवीताई. आवाज थोडा कमी ठेवून.