दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत: एका जग्वारच्या निमित्ताने

गिरगावकर

काल वाळकेश्वरच्या एका गृहस्थांनी आपली १९६२ ची जग्वार मार्क टू, ३.४ लीटर, विक्रीस काढल्याचे इथे जाहीर केले. किंमत ६५ लाख रुपये सांगितली आहे. ज्याची गाडी त्याने तिची किंमत ठरवावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पुढे ते लिहितात, "दुरुस्तीवर प्रत्यक्ष तेवढाच खर्च झाला असल्याने घासाघीस होणार नाही, मराठी माणसाला गाडी घेण्यापेक्षा तिचा भाव विचारण्यातच रस असतो, हे मी जाणून आहे." हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

आपण हौसेने केलेला खर्च घेणाऱ्याने जसाच्या तसा भरून द्यावा, ही अपेक्षा कोणत्या बाजारात चालते? १९५९ ते १९६७ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जग्वार कारखान्यातून ऐंशी हजारांहून अधिक मार्क टू बाहेर पडल्या. ब्रिटनमध्ये आजही तिच्या दाराच्या रबरापासून गालिच्यापर्यंत सर्व काही मिळते, आणि तरीही तिथल्या हौशी लोकांना पुनर्बांधणीचा खर्च विक्रीतून क्वचितच वसूल होतो. भारतात ही गाडी दुर्मीळ आहे हे मान्य. पण तिचे घेणारेही तितकेच दुर्मीळ आहेत.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. जाहिरातीत "संपूर्णपणे मूळ स्वरूपात" असे म्हटले आहे, पण छायाचित्रांत अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड पाच वेळा दिसतो आणि इंजिनाचा क्रमांक एकदाही दिसत नाही. तो क्रमांक ऑइल फिल्टरच्या वर इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूलाही असतो. शेवटचा ७, ८ किंवा ९ हा आकडा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते, ते सांगतो. गाडीची खालची बाजू तर दाखवलेलीच नाही. मार्क टूला स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालची वेगळी चौकट, नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच येतो. त्यामुळे दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, मागच्या पाट्यांचे आधार आणि मागचा ॲक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचा ब्रॅकेट इथे गंज आहे की नाही, यावर गाडीचे भवितव्य ठरते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहिलेल्या गाडीबाबत तर हे पहिल्यांदा विचारायला हवे. आणि तो चमचमता निळसर रंग! १९६२ साली मेटॅलिक रंग कुठून आला?

वाळकेश्वर

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. ऑपलेसंट सिल्व्हर ब्लू हा जग्वारच्या कारखान्याच्याच यादीतला रंग आहे, आणि ऑपलेसंट म्हणजे त्या काळचा मेटॅलिकच. टीका करण्यापूर्वी एवढे पाहून घेतले असते तर बरे झाले असते.

खर्चाबद्दल म्हणाल, तर दोन्ही बंपरांचा क्रोमचा मुलामा, सीटचे चामडे, डॅशबोर्डचे लाकूड, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरची जोडी आणि चारही चाकांच्या डिस्क ब्रेकचे सुटे भाग यांवर बाहेरून मागवल्याचा सीमाशुल्कासह जो खर्च झाला, त्याच्या पावत्या माझ्याजवळ आहेत. उंबऱ्यांचा, म्हणजे दारांखालच्या पट्ट्यांचा, पत्रा पूर्ण कापून नवा जोडला आहे. "शेवटची किंमत सांगा" एवढेच विचारून गायब होणाऱ्या माणसांनी माझे डोके पिकवले आहे. त्या वैतागातून ते वाक्य लिहिले गेले.

इंजिनाबाबत लपवण्यासारखे काही नाही. सत्तरच्या दशकात आधीच्या मालकांनी मूळ इंजिन काढून पर्किन्स या ब्रिटिश कंपनीच्या बनावटीचे डिझेल इंजिन बसवले होते. मी ते काढले आणि ब्रिटनमधून दुसऱ्या मार्क टूचे ३.४ लीटरचे इंजिन आणून बसवले. गाडी कारखान्यातून जशी निघाली होती तशी आज आहे, म्हणून "मूळ स्वरूपात" असे लिहिले.

शिवाजी पार्क

म्हणजे या गाडीचे मूळ इंजिन या गाडीत नाही, हे एवढा वाद झाल्यावर कळले. रंगाबाबत गिरगावकर चुकले असतील, पण मुख्य प्रश्न त्यांनी अचूक विचारला होता. ब्रिटनमधील जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट जुन्या नोंदींवरून प्रमाणपत्र देतो. त्यात चॅसी, इंजिन आणि गिअरबॉक्सचे क्रमांक, मूळ रंग आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली हे सारे असते. ते मागवले असते तर मूळ इंजिनाचा क्रमांक तरी कळला असता.

खरा संताप मात्र मला त्या आधीच्या मालकांचा येतो. जग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांच्या कारखान्यातले दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचे इंजिन उपटून त्याजागी मालमोटारीच्या कुळातले धुराडे बसवणाऱ्या माणसांनी या देशातल्या किती सुंदर गाड्यांची हत्या केली, याची गणती नाही. ज्यांना पेट्रोल परवडत नव्हते त्यांनी जग्वार बाळगायची नव्हती. फियाट होतीच की.

माझगावची

शिवाजी पार्कच्या महाशयांना मी एकदाच उत्तर देणार आहे, कारण हत्या हा शब्द माझ्या वडिलांना लागू होतो.

आमच्याकडे जग्वार मार्क सेव्हन होती. अण्णांनी ती एका पारशी गृहस्थांकडून घेतली, ती मिरवण्यासाठी नव्हे. त्या वेळी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि जुनी परदेशी गाडी त्यापेक्षा स्वस्तात मिळत असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल असे भडकले की लीटरला पाच-सहा किलोमीटर जाणारी गाडी दारात उभी राहून सडू लागली. सुटे भाग आयात करायला परवाना लागे. तो आमच्यासारख्यांना कोण देणार? रे रोडच्या एका मिस्त्रींनी मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार झालेले पर्किन्स इंजिन तिच्यात बसवून दिले. त्यासाठी इंजिन टेकवायचे माउंटिंग नव्याने बनवले, मागच्या चाकांकडे गती नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून जुळवला. ती गाडी पुढे कित्येक वर्षे कशेडी घाट चढून आम्हांला गावी नेत राहिली. आवाज इतका होई की मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागे, हे खरे आहे.

मूळ इंजिन अण्णांनी फेकले नव्हते. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून त्यांनी ते कालिन्याला नातेवाइकांच्या गोदामात ठेवले होते. २६ जुलै २००५ च्या पुरात ते गोदाम पाण्याखाली गेले आणि इंजिनही गेले. ज्यांच्या घरी पेट्रोलच्या भावाची चर्चा कधी झालीच नाही, त्यांनी आम्हांला हत्येचे पाठ देऊ नयेत. डिझेल बसवले म्हणून निदान सांगाडे तरी वाचले, नाहीतर ते तेव्हाच कुर्ल्याच्या भंगारात गेले असते आणि आज वाळकेश्वरच्या गृहस्थांना नवा पत्रा जोडायलाही काही उरले नसते.

शिवाजी पार्क

ताई, आपल्या वडिलांबद्दल अनादर नव्हता. पण एका कुटुंबाच्या अडचणीवरून सरसकट नियम काढता येत नाही. आपल्या अण्णांनी इंजिन गोणपाटात जपले. इतर नव्वद जणांनी ते वजनावर विकले आणि वर माउंटिंग बसवण्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे आडवी तुळईही कापली. मार्क टूमध्ये पुढचे सस्पेन्शन त्याच भागावर टेकते. तो कापलेला असेल तर नवे इंजिन बसवून काय उपयोग? तेव्हा डिझेलने गाडी "वाचली" म्हणणे म्हणजे पाय कापून रोगी चालता केला म्हणण्यासारखे आहे.

माझगावची

नव्वद हा आकडा आपण कुठून आणला, ते कळले तर आभारी होईन. गाडी वापरणाऱ्या माणसांचा तिच्या इतिहासावर काही हक्क आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. तो आपल्यापर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

पार्लेकर

डिझेलचा हा वाद संपत नसल्याने मूळ प्रश्नाकडे येतो. मी विकणाऱ्याच्या बाजूने आहे, कारण मी स्वतः एक जुनी रोव्हर उभी केली आहे आणि मिस्त्री मिळणे म्हणजे काय असते ते मला ठाऊक आहे. दोन एसयू कार्ब्युरेटर कानाने जुळवणारी माणसे आता म्हातारी झाली; त्यांची मुले स्कॅनर लावल्याशिवाय बोनेट उघडत नाहीत. एका गॅरेजने माझी गाडी दोन पावसाळे उघड्यावर ठेवली आणि वर भाडेही मागितले. त्यात आता पेट्रोलमधले वीस टक्के इथेनॉल आले. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम त्याने फुगतात, ते सगळे पुन्हा बदलावे लागते. हा त्रास कोणत्याच पावतीवर लिहिलेला नसतो, तो किमतीत धरला तर बिघडले कुठे?

आणि "मूळ, मूळ" असा घोष करणाऱ्यांनी ही गाडी मे महिन्यात लालबागच्या गर्दीत एकदा चालवून पाहावी. मूळ पंखा, मूळ डायनमो आणि पॉझिटिव्ह अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचे अधिक टोक सांगाड्याला जोडणारी, मूळ वायरिंग ठेवायची असेल, तर टोइंगवाल्याचा क्रमांकही जवळ ठेवावा. विजेवर चालणारा पंखा आणि डायनमोच्या जागी अल्टरनेटर बसवणे हा मला तरी शहाणपणा वाटतो.

गिरगावकर

ऑपलेसंटचा मुद्दा वाळकेश्वरच्या गृहस्थांना बहाल केला. त्यांनी तो फ्रेम करून डॅशबोर्डवर लावावा. पार्लेकरांच्या पंख्यालाही माझी हरकत नाही, कारण पंखा उद्या काढून ठेवता येतो. माझी हरकत आहे ती बदल न सांगण्याला. इंजिन दुसरे आहे, सांगाड्याला नवा पत्रा आहे, वायरिंग बदलली असेल तर तीही, असे सरळ लिहून शेजारी पावत्या आणि कामाच्या वेळची छायाचित्रे ठेवली असती, तर कदाचित मीच या किमतीची वकिली केली असती. पार्लेकरांचा त्रास मला समजतो. पण त्यांच्या दोन पावसाळ्यांचे पैसे तिसऱ्याच माणसाने का द्यावेत, हे मात्र समजत नाही.

दादरकर

मी व्यवसायाने वकील आहे, त्यामुळे लाकूड आणि चामडे यांपेक्षा कागद आधी पाहतो. आरसी बुकात इंधन म्हणून पेट्रोल लिहिले आहे की डिझेल, आणि इंजिनाचा क्रमांक कोणता आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात व्हावी लागते. ती नसेल तर नमुना २९ आणि ३० भरून हस्तांतरणाला गेलेला खरेदीदार तपासणीच्या वेळी अडकेल, आणि त्या वेळी विक्रेते पैसे घेऊन मोकळे झालेले असतील.

२०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले, त्यांचाही विचार व्हावा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या गाडीला ती नोंदणी मिळते; नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी त्यात अट आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत ती शोभेल, रोज नरिमन पॉइंटला नेता येणार नाही. एका जग्वारचे इंजिन दुसऱ्या जग्वारमध्ये बसवणे हा मोठा फेरबदल ठरतो की दुरुस्ती, यावर अधिकाऱ्यांसमोर युक्तिवाद करता येईल. मात्र तो विक्रीपूर्वी, विक्रेत्याने करावा.

वाळकेश्वर

आरसीवर आजही डिझेलच लिहिलेले आहे. बदलाचा अर्ज ताडदेवच्या परिवहन कार्यालयात दिलेला आहे आणि तो तिथे निवांत पडला आहे. तेव्हा दादरकरांच्या आग्रहाखातर, आणि केवळ त्यांच्याच, पुढील बदल करतो. "मूळ स्वरूपात" हे शब्द जाहिरातीतून काढतो. इंजिनाच्या क्रमांकाचे आणि गाडीच्या खालच्या बाजूचे छायाचित्र आज रात्री टाकतो. क्रॉसमेंबर कापलेला नाही, हे शिवाजी पार्कच्या महाशयांनी त्यात डोळे भरून पाहावे. नोंद पूर्ण होईपर्यंत इसारही घेणार नाही. किंमत तूर्त तीच राहील.

गिरगावकर

रविवारी सकाळी येतो. शक्यतो गाडी खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवावी. मी लोहचुंबक आणणार आहे. पत्र्याऐवजी जिथे लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे तो चिकटणार नाही, आणि मग किमतीबद्दल बोलू.

शिवाजी पार्क

मीही येईन. हेरिटेज प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला चॅसीचा क्रमांक लागेल, तो उतरवून घेतो. माझगावच्या ताईंना एवढेच सांगतो की नव्वद हा आकडा रागात लिहिला होता, पन्नास धरावा.

माझगावची

आपल्या औदार्याबद्दल आभार. वाळकेश्वरच्या गृहस्थांना माझा प्रश्न आहे: त्यांच्या गाडीतून काढलेले पर्किन्स इंजिन अजून आहे का? आमच्या मार्क सेव्हनमधल्या इंजिनाचा ब्लॉक तडकला आहे, आणि ती गाडी मी विकणार नाही.

वाळकेश्वर

आहे. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून आहे आणि फिरवले तर फिरते. पैसे नकोत, जागा मोकळी होईल तेवढे पुरे. मात्र उचलायला चार माणसे लागतील, तेव्हा येताना टेम्पो घेऊन यावे.