सल्ला हवा: कार्डिनल रिशेल्यूचं कांस्य मेडल घेऊ का?

सेनकाठ
नमस्कार मंडळी. पॅरिसात येऊन सहा वर्षं झाली. नाणी शाळेपासून गोळा करते, मेडलच्या वाटेला मात्र कधी गेले नव्हते. गेल्या महिन्यात सेंत-उआँच्या जुन्या बाजारात फ्रेंच मेडलकार झाँ वारँने 1630 साली केलेलं, तेराव्या लुई राजाचा मुख्यमंत्री रिशेल्यू याचं मेडल हातात घेतलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. एका बाजूला टोकदार दाढीतला कार्डिनल. मागे चार घोड्यांचा रथ, त्यात स्त्रीरूपातला फ्रान्स, आणि रथाला साखळीने बांधलेली भाग्यदेवता. लॅटिन ओळ तिच्याच तोंडची आहे: अखेर हरले, आता मागून येते.
विक्रेता 320 यूरो म्हणतो. ‘अस्सल सतराव्या शतकातलं’ असं तोंडी सांगतो, पण लिहून देत नाही. दुसऱ्या दुकानात पॅरिस टांकसाळीने नंतर पाडलेलं, आकाराने लहान असं 60 यूरोला आहे. बजेट 250, वर एक यूरोही नाही. काय करू?

जुनं_नाणं
दोन्ही नको. दीड-दोन हजार जमव आणि लिलावात अस्सल घे. मी अकरा वर्षं थांबलो आणि त्याच काळातला मेडलकार द्युप्रे, त्याचं मेडल मिळवलं. रोज सकाळी बघतो.

सेनकाठ
दादा, बजेट 250 आहे.

जुनं_नाणं
म्हणून तर थांब म्हणतोय.

ल्याँची_माई
टांकसाळीचं घे, फसवणूक नाही. कडेवर खूण असते: 1845 ते 1860 हाताची, 1860 ते 1880 मधमाशी, 1880पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. शेजारी धातूचं नाव. माझ्याकडे मधमाशीवालं, मंत्री कोल्बेरचं आहे, अक्षरं कशी खणखणीत!

कडेलोट
माईंना +1. कडेवर खूण बघ. खूण नसेल तर अस्सल.

तांबटआळी
कडेलोट, हे चूक आहे आणि अशानेच लोकांचे पैसे जातात. त्या खुणा 1832पासून आल्या, आणि त्याही टांकसाळीच्याच मालावर. बाहेर कोणीही ओतलेल्या नकलेवर खूण कुठून येणार?
आमच्या घरात तीन पिढ्या तांब्या-पितळेचं काम, म्हणून सांगतो. हे मेडल ओतीव आहे, ठोकलेलं नाही. अस्सलाचा साचा घेऊन पुन्हा ओतलं की थंड होताना धातू दीडेक टक्का आक्रसतो. नकलेची नक्कल आणखी लहान. अस्सल सुमारे 77 मिलिमीटर भरतं. कॅलिपर घेऊन जा. भिंगातून अक्षरांची मुळं बघ: अस्सलात ती धारदार असतात, नकलेत साबणासारखी गुळगुळीत.

फ्लँडर्सकर
वारँ लिएजचा. त्याला फ्रेंच का म्हणता?

जुनं_नाणं
पॅरिसची टांकसाळ ज्याने हाती घेतली, 1640च्या ‘लुई’ या सोन्याच्या नाण्याचे ठसे ज्याने कोरले, तो फ्रेंचच. आणि लिएज आज ज्यात आहे ते तुमचं बेल्जियम 1830चं.

फ्लँडर्सकर
मी लिएज म्हणालो, बेल्जियम नाही.

निळी_खिडकी
काहीही घ्या, पण घासू नका! मी कार्डिनल माझारँचं एक मेडल चिंच-मीठ लावून लख्ख केलं. गडद तपकिरी छटा पाच मिनिटांत गेली, आता नळाच्या तोटीसारखं पिवळं दिसतं. तीन वर्षं झाली, अजून जीव हळहळतो.

ल्याँची_माई
अगं बाई! कोरडं मऊ फडकं, बास.

पुणे_30
भारतात आणायचा विचार असेल तर जपून. 1972च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची शिल्पं-नाणी येतात. एकदा इथे आलं की परत बाहेर नेणं अवघड.

जुनं_नाणं
रिशेल्यूच कशाला? द्युप्रेचं पिएर जानँ बघ, 1618चं. जवळजवळ 19 सेंटिमीटर, मागची बाजू कोरी. म्हाताऱ्या मंत्र्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते. वारँ त्याच्यापुढे थंड वाटतो.

सेनकाठ
काल कॅलिपर घेऊन गेले. तीन ठिकाणी मोजलं: 75.5. तांबटआळी, तुमचं बरोबर, नंतरचंच ओतकाम आहे. रिशेल्यूच्या नावातली अक्षरंही मुळाशी बुजलेली. विक्रेत्याला आकडा दाखवला तर तो गप्प बसला, मग 260 म्हणाला. मी 220 दिले आणि पावतीवर ‘वारँच्या मूळ मेडलवरून नंतर ओतलेलं, काळ अनिश्चित’ असं लिहून घेतलं.

जुनं_नाणं
सगळं कळूनही नक्कल घेतलीस? तेवढ्यात माईंनी सांगितलेलं घेऊन 160 वाचले असते.

सेनकाठ
तेही त्याच दिवशी हातात धरून पाहिलं. रेखीव आहे, पण हलकं आणि सपाट. याच्या कडेवर कोणीतरी कानस फिरवलीय, अंगठ्याला तिरके ओरखडे लागतात. त्या माणसाने भाग्यदेवतेचा चेहरा ओतल्यावर पुन्हा कोरून काढलाय, बाकी सगळं मऊ आणि तेवढीच रेघ टोकदार. मला ते हवं होतं.

तांबटआळी
ताई, कडेचा फोटो टाका. उजेड बाजूने पडू दे.