पंतप्रधानांवर कायद्याचा अंमल चालतो का? १९७५ च्या निकालाविषयी

प्रश्न
अनुच्छेद ३६१ नुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई करता येत नाही. पंतप्रधानांना मात्र असे संरक्षण नाही. तरीही १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतील १९७१ ची निवडणूक रद्द ठरवल्यानंतर त्या पंतप्रधानपदावर राहिल्या. मग अलाहाबादच्या त्या निकालाने नेमके काय साधले? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
पंतप्रधान सचिवालयातील अधिकारी यशपाल कपूर सरकारी सेवेत असताना त्यांची प्रचारासाठी मदत घेणे आणि उत्तर प्रदेशातील अधिकाऱ्यांकडून सभांची व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांसाठी वीज यांची व्यवस्था करून घेणे, हे दोन दोष सिद्ध झाले. हे किरकोळ होते असे अनेक जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण सरकारी यंत्रणा प्रचाराला जुंपण्याची मनाई प्रत्येक उमेदवाराला सारखीच लागू होती. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला सशर्त स्थगिती दिली : पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बोलता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी लागू झाली.

प्रतिसाद २
खरा घाव त्यानंतर बसला. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी ११ ऑगस्टला होती. त्याआधी १० ऑगस्टला ३९ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेला. ७ नोव्हेंबरला घटनापीठाने त्यातील मुख्य खंड रद्द केला, पीठावरील न्या. यशवंत चंद्रचूड यांना तो समानतेच्या आणि कायद्याच्या राज्याच्या तत्त्वाविरुद्ध वाटला. निवडणूक मात्र वैध ठरली, कारण ज्या तरतुदींखाली दोष सिद्ध झाला होता त्या तरतुदीच संसदेने पूर्वलक्षी प्रभावाने बदलल्या होत्या. आरोपीच्या पक्षाला बहुमताच्या जोरावर कायदा मागे जाऊन बदलता येत असेल, तर न्यायाधीश कितीही निर्भीड असला तरी त्याचे हात बांधले जातात, ही माझी चिंता आजही कायम आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पंतप्रधानांना फौजदारी खटल्यांपासून कायमचे संरक्षण देणारे ४१ व्या दुरुस्तीचे विधेयकही त्याच ऑगस्टमध्ये आले होते ना?

प्रतिसाद २
होय. राज्यसभेने ते संमत केले, पण लोकसभेत ते मंजूर झाले नाही. झाले असते, तर २००० साली पी. व्ही. नरसिंह राव यांच्यावरील लाचखोरीचा खटला चालूच शकला नसता. त्यांना विशेष न्यायालयाने दोषी ठरवले आणि २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. निकाल कोणत्याही बाजूने लागो, तो न्यायालयात लागला, हे मला मोलाचे वाटते.